लाल इंजेक्शन आणि एक जुनी बाटली

गेल्या महिन्यात आईच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे "आत्ता नाही गं लागल्या, दिवाळीपासूनच आहेत, मी बोलले नाही इतकंच." आमच्या घरात हे असंच चालतं. पायातली चप्पल मागे राहिली तरी हिला कळेना, जिना उतरताना कठडा धरायला लागली, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्यांनी घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवला आणि विचारलं, थरथर कळतेय का, तर आई म्हणाली "कसली थरथर?" रक्त तपासलं. बी-१२ इतकं खाली की लॅबने आकडाच दिला नव्हता, मशीन जिथपर्यंत मोजतं त्याच्याही खाली असं नुसतं चिन्ह टाकलेलं. एक दिवसाआड इंजेक्शन सुरू.

पहिल्या दिवशी सिस्टरने तपकिरी काचेची ॲम्प्यूल फोडली आणि सिरिंजमध्ये औषध ओढलं. गडद लाल, अगदी कोकमाच्या आगळासारखं. आईने चष्मा वर करून बघितलं.

"हे लाल का गं? रक्त आहे का कुणाचं?"

"नाही गं, कोबाल्ट आहे त्यात."

"कोबाल्ट म्हणजे?"

"धातू. लोखंडाच्या शेजारच्या घरातला."

"म्हणजे आता या वयात मी लोखंड टोचून घ्यायचं," आई म्हणाली, आणि सिस्टर इतकी हसली की तिला सिरिंज खाली ठेवायला लागली.

मी पीएचडी केली ती धातूंवरच. कॅटॅलिस्ट, शाळेत ज्याला उत्प्रेरक म्हणायचे ते, स्वतः खर्च न होता दुसऱ्यांची लग्नं लावून देणारे. आता कॉलेजात शिकवते, लॅब सुटून दहा वर्षं होऊन गेली, पण त्या लाल रंगाकडे बघताना एकदम सगळं आठवलं आणि त्या रात्री झोप काही लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बी-१२ चा रेणू म्हणजे घरच्या गणपतीचं मखर समजा. मखर मोठं, झिरमिळ्या, लाइटिंग, सगळं कार्बन नायट्रोजनचं, आणि बरोब्बर मध्ये मूर्ती एवढीशी, कोबाल्टचा एकच अणू. वजनाच्या हिशोबाने जेमतेम चार टक्के. माणसाच्या शरीरात हे फक्त दोन एन्झाइम्सना (एन्झाइम म्हणजे सजीवांमधले उत्प्रेरक) लागतं, हजारो एन्झाइम्समधल्या फक्त दोन, पण ती दोन अडली की रक्तपेशी नीट बनत नाहीत आणि नसांवरचं आवरण झिजायला लागतं, मग चप्पल मागे राहते. दिवसाची गरज किती, तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मिठाचा एक दाणा घ्या, अगदी एकच, तेवढं बी-१२ तुम्हाला तीन-एक आठवडे पुरेल. आणि हे ना झाडांना बनवता येतं ना प्राण्यांना, ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव बनवतात, त्यातलं थोडं दुधात उतरतं, आमच्या आईला दुधाचा वाससुद्धा चालत नाही, आणि चहातल्या दुधावर माणूस किती दिवस काढणार.

ही काही एकट्या आईची गोष्ट नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ साली ते छापून आलं, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. म्हणजे आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाच जण चढले तर चार. सगळे डाएट आणि प्रोटीनवर तासन्‌तास बोलतील, पण हा एवढासा धातू कुणाच्या गावीही नसतो.

कोबाल्ट सजीवांना लागतो हे कळलं तेच मुळात मेंढ्यांमुळे. ऑस्ट्रेलियात काही कुरणांवर मेंढ्या भरपूर गवत खाऊनही खंगून मरायच्या, पोट भरलेलं आणि जीव चाललेला. शेतकऱ्यांना वाटायचं लोह कमी पडतंय. १९३५ च्या सुमारास तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं की जी लोहाची संयुगं देऊन मेंढ्या सुधारतात त्यांच्यात कोबाल्टची भेसळ आहे, आणि गुण येतोय तो भेसळीचा! नुसता कोबाल्ट कणभर दिला तरी मेंढ्या उठून उभ्या राहायला लागल्या. का, ते मात्र त्यांना सांगता येईना. तिकडे १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी एका जीवघेण्या रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज पाव किलोभर लिव्हर खायला घालून वाचवलं होतं, त्यांनाही लिव्हरमध्ये नक्की काय आहे ते माहीत नव्हतं. १९४८ मध्ये लिव्हरमधून लाल स्फटिक वेगळे झाले, त्यात कोबाल्ट सापडला, आणि मेंढ्यांचं कोडं आणि माणसांचं कोडं एकच होतं हे कळलं. डोरोथी हॉजकिनबाईंनी क्ष-किरणांनी त्याची पूर्ण रचना १९५६ पर्यंत लावली (हातांना संधिवात, बोटं वाकडी झालेली, आणि काम असलं), पुढे १९६१ मध्ये बी-१२ च्या कोएन्झाइमची, म्हणजे शरीरात प्रत्यक्ष काम करणाऱ्या रूपाची, रचना आली तेव्हा दिसलं की कोबाल्ट थेट कार्बनला जोडलेला आहे. हे असले धातू-कार्बन बंध आम्ही लॅबमध्ये आरगॉन वायूखाली, हवा लागू न देता, जपून जपून बनवायचो, आणि इथे ते आरामात पाण्यात, गाईच्या पोटात. तो बंध उजेडात तुटतो, म्हणून आईच्या इंजेक्शनची काच तपकिरी.

भेसळीचा गुण. हे वाक्य मला जरा जास्तच लागतं, का ते सांगते.

पीएचडीच्या दिवसांत मी कसब्यात आत्याकडे राहायचे, तांबट आळीच्या पाठीमागेच. लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला, जायला दोन बस. सकाळी ठोक सुरू व्हायची, ठण्‌ ठण्‌ ठण्‌, बंब, घंगाळं, तपेली, पेशव्यांच्या काळापासून ही मंडळी तिथे तांबं ठोकतायत. पत्र्याला आधी भांड्याचा आकार द्यायचा आणि मग वरून हातोडीने एकाशेजारी एक असे चकचकीत ठसे उमटवत जायचं, त्याला मठारकाम म्हणतात. पहिला महिना माझं डोकं उठायचं, नंतर असं झालं की सुट्टीच्या दिवशी ठोक नसली की दचकून जाग यायची.

लॅबमध्ये तेव्हा लोखंडाची साथ आलेली होती. म्हणजे असं की औषधं बनवताना एक काम सारखं लागतं, बेंझीनच्या कड्यावर नायट्रोजनवाला तुकडा जोडायचा. हे पॅलेडियमने मस्त होतं पण पॅलेडियम महाग. तांब्याने होतं, ते उलमान या जर्मन माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलंय. पण २००७ मध्ये जर्मनीतल्या बोल्म यांच्या ग्रुपने जाहीर केलं की हे साध्या फेरिक क्लोराईडने, म्हणजे लोखंडाच्या मिठानेही होतं, आणि सगळ्या जगाला वाटलं चला, लोखंड, स्वस्त, निरुपद्रवी, कुठेही मिळणारं. आमच्या सरांनी मला तेच दिलं, "लोखंडावर कर, नवीन उदाहरणं काढ."

कपाटात मागच्या रांगेत फेरिक क्लोराईडची एक जुनी बाटली होती. लेबल अर्धं गळालेलं, झाकणाला तडा, आत काळपट तपकिरी ढेकळं एकमेकांना चिकटून बसलेली, स्पॅच्युलाने खरवडून काढायला लागायची. पहिली रिॲक्शन लावली, टोल्युइन, १३५ डिग्री, ऑइल बाथ, वर आरगॉनचा फुगा, चोवीस तास. दुसऱ्या दिवशी टीएलसी प्लेट (मिश्रणातला प्रत्येक पदार्थ वेगळा ठिपका म्हणून दाखवते ती) यूव्ही लॅम्पखाली धरली तर नवीन स्पॉट, ठसठशीत, एकटा. कॉलम करून पदार्थ वेगळा काढला, उतारा ८१ टक्के. सरांनी सगळ्या ग्रुपला वडापाव खिलवला. पुढच्या तीन महिन्यांत मी बारा उदाहरणं केली, बाराही चालली, आणि बाटली संपली.

नवीन मागवली. या वेळी चांगली, ९९.९९ टक्के शुद्ध, किमतीला चौपट, सीलबंद, पावडर एकसारखी. तीच रिॲक्शन, तेच सगळं. दहा टक्के. परत केली, नऊ टक्के.

इथून पुढचे आठ महिने मला नीट आठवतही नाहीत, फक्त तुकडे तुकडे आठवतात. टोल्युइन सोडियमवर ठेवून परत डिस्टिल केलं. आरगॉनचा सिलिंडर बदलला. आरबी, म्हणजे गोल बुडाचे फ्लास्क, रात्रभर ओव्हनमध्ये. पोटॅशियम फॉस्फेट खलबत्त्यात कुटून, गरम करून, गरम असतानाच घातलं. फ्लास्कच्या रबरी बुचावर पॅराफिल्मच्या पट्टीचे थरावर थर. थर्मामीटरवर संशय आला म्हणून दुसऱ्या लॅबमधून उसना आणला. दर गुरुवारी ग्रुप मीटिंगमध्ये तोच टेबल, फक्त खाली एक ओळ वाढलेली. एक सीनियर म्हणाला "तुझ्या हाताला गुणच नाही." आत्या म्हणाली नजर लागली, आणि मीठमोहरी ओवाळून टाकली, ते मी लॅबमध्ये सांगितलं नाही पण खरं सांगू का, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

मग २००९ मध्ये तो पेपर आला. बोल्म आणि अमेरिकेतले बुकवाल्ड, दोघांनी मिळून लिहिलेला. त्यांनी वेगवेगळ्या बाटल्यांमधलं फेरिक क्लोराईड घेऊन हीच रिॲक्शन केली होती, एका बाटलीने झकास, दुसरीने जेमतेम, आणि सगळ्यात शुद्ध बाटलीने सगळ्यात वाईट. त्या शुद्ध लोखंडात त्यांनी तांब्याच्या ऑक्साईडचे काही पीपीएम घातले आणि रिॲक्शन परत धावायला लागली. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, किती, तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चहाचा एक चमचा टाका, ते झालं पाच पीपीएम. सगळं काम तो चमचा करत होता. आणि लोखंडाची द्वाही ज्यांनी फिरवली होती त्यांचंच नाव त्या पेपरवर होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं, आपल्याच गाजलेल्या शोधाच्या पायात असा दगड घालायला छाती लागते.

सरांनी पेपर वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एवढंच म्हणाले, "तांबं घालून बघ." आता पीपीएममधलं तांबं काही काट्यावर वजन करून घालता येत नाही. मी तांब्याचं मीठ विरघळवलं, ते शंभरपट पातळ केलं, त्यातलं थेंबभर घेऊन परत शंभरपट पातळ केलं, तो मघाचा सीनियर शेजारून जाताना म्हणाला "काय, होमिओपॅथी काढलीस का?" दुसऱ्या दिवशी टीएलसी प्लेट धरली. स्पॉट होता तिथेच, ठसठशीत, एकटा.

त्या संध्याकाळी बसमधून उतरून आळीतून चालत घरी जाताना एक काका मांडीवर कळशी घेऊन मठारत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत शंभर वेळा वाक्यात उपयोग करून लिहिली असेल, पण त्या दिवशी रस्त्यात उभी राहून एकटीच वेड्यासारखी हसले. रोज सकाळी कानात तांबं वाजतंय आणि मी आठ महिने फ्लास्कमध्ये काय कमी आहे ते शोधतेय.

ते चॅप्टर गेलं. बारा उदाहरणं थीसिसच्या परिशिष्टात गेली, 'तांब्याच्या अशुद्धतेची शक्यता' अशा शीर्षकाखाली.

एकटी मीच मूर्ख होते असं मात्र नाही, हे नंतर हळूहळू कळत गेलं. २००३ मध्ये एका ग्रुपने पॅलेडियमशिवाय सुझुकी कपलिंग (कार्बनचे दोन तुकडे जोडायची रिॲक्शन) होतं असं छापलं होतं, मोठाच दावा, दोन वर्षांनी त्यांनीच सांगितलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात पन्नास भाग इतकं पॅलेडियम होतं. म्हणजे धुण्याच्या सोड्यात लपलेलं. २०१९ मध्ये रशियातल्या अनानिकोव्ह यांच्या ग्रुपने तर फ्लास्कमधलं मिश्रण ढवळायच्या मॅग्नेटिक बीडच मायक्रोस्कोपखाली धरल्या, त्यांच्या टेफ्लॉनच्या आवरणावर वापरून वापरून चरे पडतात आणि चऱ्यांमध्ये आधीच्या रिॲक्शनचे धातू जाऊन बसतात, कितीही धुवा. ते वाचताना मला आमच्या लॅबमधल्या सगळ्या बीड आठवल्या, पिवळट, करड्या, एखादी टोकाला काळी पडलेली, ॲक्वा रेजियात, सोनंही विरघळवणाऱ्या ॲसिडात, बुडवूनही डाग न गेलेल्या, आणि आम्ही त्या एकमेकांकडून "एक बीड दे रे" म्हणून मागून घ्यायचो.

सजीवांच्या बाबतीतही हीच फसगत, आणि तिथे तर शहाणी शहाणी माणसं फसली. जेम्स समनर नावाचा अमेरिकन, सतराव्या वर्षी शिकारीत झालेल्या अपघातात डावा हात गेलेला, डावखुरा होता त्यामुळे सगळं उजव्या हाताने परत शिकलेला. त्याने नऊ वर्षं घालवून अबईच्या जातीतल्या जॅक बीनमधून युरिएज हे एन्झाइम स्फटिकरूपात काढलं, १९२६ मध्ये (हो, तेच लिव्हरवालं वर्ष). एन्झाइम म्हणजे प्रोटीन असतं हे त्याने दाखवलं आणि जर्मनीतल्या बड्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं, मग १९४६ मध्ये नोबेल मिळालं. पण गंमत पुढेच आहे. त्या स्फटिकात निकेल आहे, आणि काम तोच करतो, हे कुणाला कधी कळलं? १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियात. एकोणपन्नास वर्षं शुद्ध स्फटिक लोकांच्या हातात होते, हजारो प्रयोग झाले, पुस्तकांत चित्रं आली, आणि आत निकेल आहे का हे कुणी बघितलंच नाही, कारण सजीवांना निकेल लागतो असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

युरिएज तुम्हाला ओळखीचं आहे, नाव माहीत नसेल इतकंच. पेठांमधल्या बोळात ज्या भिंतींवर देवांच्या टाइल्स लावलेल्या असतात (का लावतात ते पुणेकरांना सांगायला नको), तिथे उन्हाळ्यात जो नाकात झोंबणारा वास येतो तो अमोनियाचा, आणि तो जिवाणूंमधल्या युरिएजने बनवलेला. नुसता युरिया पाण्यात वर्षानुवर्षं तसाच राहतो, निकेलचे दोन अणू मध्ये आले की लगेच फुटतो. ॲसिडिटीसाठी एंडोस्कोपी केलेल्या लोकांनी रिपोर्टमध्ये रॅपिड युरिएज टेस्ट वाचलं असेल, तेही हेच, पोटातला हेलिकोबॅक्टर जिवाणू याच एन्झाइमने स्वतःभोवती अमोनिया करून ॲसिडपासून जीव वाचवतो. म्हणजे आपल्या अल्सरमध्येही निकेलचा हात आहे.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मात्र नायट्रोजिनेज, हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणारं एन्झाइम. मामाचं शेत सासवडकडे आहे, हिवाळ्यात तिथे मटार असतो. एकदा मी मुलीला घेऊन गेले होते, एक रोप मुळासकट उपटलं, माती झटकली, मुळांवर बाजरीच्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडलेल्या. एक गाठ नखाने दाबून फोडली तर आत गुलाबी, ओलसर, कच्च्या मांसासारखी. मुलगी ईईई करून मागे सरली. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या बहिणीचा आहे, तिच्यातही लोह, तिचं काम ऑक्सिजन पकडून ठेवणं, कारण आत जे एन्झाइम बसलंय त्याला ऑक्सिजनचा नुसता स्पर्श झाला की ते मरतं. त्या एन्झाइमच्या पोटात लोखंडाचे सात अणू, गंधकाचे नऊ, मॉलिब्डेनमचा एक असा गुच्छ आहे, आणि अगदी मध्यावर कार्बनचा एकच अणू. १९९२ मध्ये पहिल्यांदा रचना दिसली तेव्हा मध्य रिकामा वाटला होता. २००२ मध्ये कळलं की काहीतरी हलकं आहे तिथे. तो कार्बन आहे हे नक्की व्हायला २०११ उजाडलं. आणि तो तिथे बसून करतो काय, यावर अजून भांडणं चालू आहेत.

हवेतला नायट्रोजन फोडून अमोनिया करायचं हेच काम कारखान्यात लोखंडाने होतं, पण चारशे-पाचशे डिग्री आणि दीडशे-दोनशे पट हवेचा दाब लागतो, जगाच्या एकूण ऊर्जेतली एक-दोन टक्के त्यातच जाते. त्यावरून लोक लगेच म्हणतात बघा निसर्ग किती सहज करतो. मला हे बोलणं आवडत नाही. सहज बिहज काही नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे ते एन्झाइम एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या इंधनाचे, सोळा रेणू जाळतं, म्हणजे झाडाने उन्हातून कमावलेली साखर त्या गाठीत ओतायला लागते, वर त्यातला काही हायड्रोजन वाया जातो तो वेगळाच. निसर्ग भट्टी पेटवत नाही, पण बिल भरतोच.

आणि कारखान्यातल्या त्या लोखंडाची गोष्ट ऐका. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत ऑस्मियम आणि युरेनियम वापरून करून दाखवलं होतं, पण ऑस्मियम जगात आहेच किती. मग बीएएसएफ या जर्मन कंपनीत मिटाश नावाच्या माणसाने हजारो मिश्रणं तपासली, आणि शुद्ध लोखंड काही चालेना. चाललं ते स्वीडनमधल्या खाणीतून आलेलं खनिज. का? तर ते मळकं होतं, त्यात ॲल्युमिनियम, पोटॅशियम असल्या गोष्टींचा अंश होता, आणि त्या अंशामुळे लोखंडाला जोर येत होता. मिटाशने ते ओळखलं, मुद्दाम तीच भेसळ मोजूनमापून करायला सुरुवात केली, आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला कारखाना सुरू झाला. मिटाशबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी ती बाटली आठवली, लेबल गळालेली. फरक एवढाच की त्याने 'का चाललं' हे आधी विचारलं, आणि मी वडापाव खाल्ला.

उलट बाजूही आहे, नको तो धातू घुसला तर. मी लहान असताना लक्ष्मी रोडला बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून जायचे, पेट्रोलच्या धुराला एक गोडसर वास यायचा, मला आवडायचाही. त्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावायचे, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे, तर शिसं त्यांच्यावर जाऊन बसतं आणि ते निकामी होतात, म्हणून शिशाचं पेट्रोल बंद होत गेलं, आपल्याकडे २००० पर्यंत सगळीकडे. आमच्या शरीरात ते काय करत होतं, तर रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहवाला भाग) बनवणाऱ्या एका एन्झाइममध्ये जस्त असतं, शिसं त्या जस्ताला ढकलून स्वतः त्याच्या खुर्चीत बसतं आणि कामच करत नाही. (खुर्चीत बसून काम न करणाऱ्यांवर मी आणखी लिहू शकते पण विषय वेगळा आहे.) कन्व्हर्टरच्या काळजीपोटी का होईना, माणसं वाचली.

आत्ताचं संशोधन मी लांबून बघते, जमेल तेवढं वाचते. मध्यंतरी बराच काळ फॅशन होती की एन्झाइममधला तो धातूचा गुच्छ तसाच्या तसा लॅबमध्ये बनवायचा आणि म्हणायचं की घ्या, आम्ही निसर्गाची नक्कल केली. दिसायला हुबेहूब, कामाला शून्य. आमच्या लॅबमध्येही दोघांनी असले गुच्छ बनवले होते, क्रिस्टल स्ट्रक्चर काय सुंदर आलं, कव्हरवर छापण्यासारखं, आणि रिॲक्शन म्हणाल तर काही नाही. देव आहे आणि देऊळ नाही अशी गत. प्रोटीनचं जे एवढं मोठं मखर आहे ते नुसतं शोभेचं नसतं, हे कळायला वेळ गेला. त्यापेक्षा अमेरिकेतल्या फ्रान्सेस अर्नोल्ड यांचं मला पटतं, त्यांनी देऊळच घेतलं. आइसलँडच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन, लोहवालं, ज्याचं मूळ काम इलेक्ट्रॉनची ने-आण करण्याचं, त्यात थोडे बदल करत करत त्याच्याकडून कार्बन आणि सिलिकॉनचा बंध करून घेतला, २०१६ मध्ये. सजीवांमध्ये असा बंध कुठेच बनत नाही. कोणता बदल चालेल हे आधी कळत नाही म्हणून खूप बदल करून बघायचे, चालला तो ठेवायचा, बाकी सोडायचे. म्हणजे मिटाशचंच पुढे नेलं, फक्त जिवाणूंच्या हातून. २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

असो. काल आईचं सातवं इंजेक्शन झालं. मुंग्या कमी आहेत म्हणते, पण ती कधी खरं सांगते. संध्याकाळी भरली वांगी करायची होती, ती वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकत होती, मी शेजारी उभी. एक फोड पाटावरच राहिली होती, बोलता बोलता तिच्या कडा तांबूस झाल्या.

मी म्हटलं, "आई, हे काळं कशाने पडतं माहितेय? वांग्यात एक एन्झाइम असतं, त्यात तांब्याचे दोन अणू असतात, चिरलं की हवा लागते आणि..."

"तांबं?"

"हो."

"म्हणजे तेच तुझं? वडापाववालं?"

"तेच."

तिने ती फोड उचलली, उलटसुलट करून बघितली आणि पाण्यात टाकली. "तुझे आठ महिने खाल्ले त्याने," ती म्हणाली, "माझी वांगी नाही खाऊ देणार. आणि ते पितळी पातेलं काढ वरून. त्याची कल्हई गेलीये, परवा आमटी कळकली. आत्याकडे गेलीस की आळीत विचारून ये, कुणी करून देतं का अजून."

स्टूल घेऊन मी पातेलं काढलं. आत बघितलं तर बुडाशी कथलाचा थर जाऊन रुपयाएवढा पिवळा डाग उघडा पडलेला होता, बाकी सगळं पांढरं, अजून चकचकीत.